पहिली चौकट

जनावरांची डॉक्टर म्हणून कडा गावी माझी बदली झाली तेव्हा दवाखान्यातल्या शिपायाने मला भाड्याचं घर दाखवलं आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, घर चांगलं हाय, पाणी हाय. मालकाचं तेवढं मनावर घेऊ नका." मी त्या घरात पाच वर्षं राहिले आणि पाचही वर्षं मालकांचं सगळं मनावर घेतलं. आजही कुठे सुतळीचा गुंडा दिसला तरी माझं डोकं सणकतं.

मालक त्याच घराच्या दुसऱ्या भागात राहायचे, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जमिनीखालची केबल नेमकी कुठे तुटली हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गाव त्यांना टेलिफोन नाना म्हणायचं, मी मालक म्हणायचे. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरा पायजमा, कमरेला गमछा आणि गळ्यात हेडफोन. टेलिफोनच्या तारा गेल्या, घरोघर मोबाइल आले, पण ह्या माणसाला जमिनीखालचं काहीतरी ऐकल्याशिवाय करमेना. म्हणून त्यांनी नगरच्या जुन्या बाजारातून जमिनीतला धातू शोधायचं यंत्र आणलं. लांब दांडा, खाली जेवणाच्या ताटाएवढी चकती, वर बटणांची डबी. चकतीखाली धातू आला की हेडफोनात वाजतं. गावात त्याचं नाव नुसतं 'मिशीन'.

अंगणात हरवणाऱ्या वस्तूंची आपल्याला कल्पना नसते. भांडी घासताना कानातला झुबा गळतो, शेणात हात घातला की अंगठी जाते, लेकराला उचलताना नाकातली चमकी पडते. मग बायका पदराने डोळे पुसत आमच्या दारात यायच्या. मालक त्यांना ओट्यावर बसवून चौकशी करायचे, आणि ती चौकशी ऐकून बाई चोर आहे की फिर्यादी हे मला कळत नसे. "शेवटाला कवा बघितलं? कोणत्या हातानं चाचपलं? तवा तोंड कुणीकडं होतं?" एवढं विचारून ते त्या बाईच्या अंगणात जायचे आणि तिने जिथे बोट दाखवलं असेल त्याच्या बरोबर उलट्या कोपऱ्यातून सुरुवात करायचे.

मी एकदा विचारलं, की ती सांगतेय नळापाशी पडलं, तर तुम्ही गोठ्यापासून का बघताय? त्यावर ते म्हणाले, "बाई, माणूस जिथं पडलं म्हणतो तिथं ते नसतंच. तिथं असतं तर त्यालाच घावलं असतं की." त्यांच्याकडे त्याचा पुरावाही होता. तरुणपणी बीडला एका ठेकेदाराने ठामपणे बोट दाखवलं, म्हणाला हितं खणा. ह्यांनी तीन दिवस रस्ता खणला, आणि केबल तुटली होती रस्त्याच्या पलीकडे. "तवापासून मी बोटाचं ऐकत न्हाई." ही गोष्ट मी निदान चाळीस वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी माझं दूध गॅसवर होतं.

बरं, शोधायचं तर सरळ शोधायचं, तेही नाही. आधी सगळ्या अंगणात सुतळी ताणून चौकटी पाडायच्या. सुतळी बांधायला लाकडी खुंट्या, कारण लोखंडी खिळे मिशीनला वाजतात. मग वहीत त्या अंगणाचा नकाशा काढायचा, चौकटींना नंबर द्यायचे, आणि एकेक चौकट झाली की बरोबरची खूण. एकही चौकट सोडायची नाही. वस्तू सापडली की घरवालीची वहीत सही. सही येत नसेल तर अंगठा चालायचा, पण तारीख पाहिजेच. दिवसाला आठ चौकटी, नववी नाही. "आठाच्या पुढं कान खोटं बोलतेत." आणि बाजाराच्या दिवशी कामच बंद, कारण रस्त्याने लोखंड फार जातं म्हणे.

त्यातून अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांनी अंगावरचा धातू काढून लांब ठेवायचा. पुरुषांनी पट्टे, बायकांनी बांगड्या, पैंजण, जोडवीसुद्धा. एका हळदीच्या घरी वरमायेचा झुबा हरवला होता, तेव्हा ह्यांनी अख्ख्या वऱ्हाडाचे दागिने एका गोधडीवर काढायला लावले. विहीणबाई हळदीच्या हाताने कपाळ बडवायच्या बाकी राहिल्या होत्या. झुबा सापडला, पण पाण्याच्या टाकीमागे, शेवटून दुसऱ्या चौकटीत, आणि तोवर जेवणाच्या पंगतीचे तीन तेरा वाजले होते. मालकांची बायको, आमच्या काकू, ह्या बाबतीत कधीच संतापाच्या पलीकडे गेल्या होत्या. दारात मिशीनचा दांडा दिसला की त्या न सांगता खाली बसून जोडवी काढायला लागायच्या.

मजुरी म्हणून ते एक पैसा घेत नसत. त्यांचा मोबदला वेगळा होता. हरवलेली वस्तू घरवाल्याची, आणि शोधताना जमिनीतून जे आणखी निघेल ते, "बाकीचं माझं." गंजके खिळे, बैलाच्या खुरांच्या पत्र्या, सायकलच्या चेनचे तुकडे, निजामाच्या काळातले झिजून गुळगुळीत झालेले पैसे, एकदा तर अर्धा चमचा. हे सगळं डब्यांत भरून, डब्यावर घराचं नाव आणि चौकटीचा नंबर चिकटवून जपून ठेवायचं. कुठे? तर माझ्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर. घर भाड्याने दिलं तरी माळा दिलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. सकाळी सहाला दार वाजायचं. "बाई, गंज बघायचाय." मी दात घासत उभी, आणि हे स्टुलावर चढून डबे हलवून बघतायत.

माझ्या नोकरीतही त्यांनी पाय घातलाच. म्हशी-गाई चाऱ्याबरोबर तार, खिळा गिळतात आणि तो पोटात रुततो, हे खरं आहे. तो शोधायला काही ठिकाणी असलीच यंत्रं वापरतात, असं मी एकदा चहा पिताना बोलून गेले. त्याआधी एवढा मोठा मूर्खपणा मी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या आवारात मालक एका म्हशीच्या पोटाखाली चकती फिरवत होते आणि म्हशीचा धनी रडकुंडीला आला होता. "वाजतंय! खिळा हाय!" म्हशीच्या गळ्यातली साखळी काढली, तरी वाजतंय. तासाभराने उलगडा झाला, की म्हशीला धरून उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात अडकित्ता होता. मला वाटलं, सुटले. पण पुढच्या महिन्यात एका गाईच्या बाबतीत त्यांचं बरोबर निघालं. नगरला नेऊन ऑपरेशन केलं तर बोटभर तार निघाली. चुकले तेव्हा एका दिवसाचा ताप झाला होता. बरोबर निघाले तेव्हापासून तो रोजचा झाला. लोक जनावर आधी आमच्या अंगणात आणायचे, मग दवाखान्यात. मी आंघोळ करून दार उघडलं की समोर शेपूट.

असा हा माणूस. आणि त्याला सुभद्राच्या अंगणात नेण्याची बुद्धी मलाच झाली.

सुभद्रा गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. दिवाळी झाली की नवरा, सासू आणि बैलजोडी घेऊन ऊसतोडीला जायची ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परत. पाच महिने उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहायचं. कोपीला कुलूप कसलं, दारच नसतं. म्हणून दागिने बरोबर न्यायचे नाहीत, आणि रिकाम्या घराचाही भरवसा नाही. त्या वस्तीवरच्या बऱ्याच घरांत रीत अशी, की निघायच्या आधी घरातली थोरली बाई सगळं सोनं-चांदी एका तांब्यात घालून अंगणात पुरते. कुठे पुरलं ते फक्त तिला ठाऊक. परत आल्यावर तीच उकरून काढणार. सुभद्राची सासू म्हणायची, "दुसऱ्याला सांगितलं की ते पुरलंच न्हाई असं समजायचं."

त्या वर्षी सासू परत आलीच नाही. फडावर दोन दिवस ताप आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत बोलणं बंद झालं. सुभद्रा एकटीच तिच्यापाशी होती. "तोंडाला हवेची नळी लावलती, मॅडम. बोलता येत नव्हतं. नुसती मूठ करून खाटेवर वरून खाली, वरून खाली आपटायची. मला वाटलं, उखळात कुटल्यावाणी करतीय. म्हणजे उखळापाशी पुरलं असंल." पाडव्याला घरी आल्यावर तिने आणि नवऱ्याने दारातल्या उखळाच्या चहूबाजूंनी कमरेएवढं खणलं. चुलीखाली खणलं, तुळशीपाशी खणलं. हाती काही लागलं नाही.

हे ती मला सांगत होती तेव्हा मी तिच्या बैलाच्या खुरातला पू काढत होते. पाखऱ्या त्याचं नाव. फडावरून येताना खुरात खडा घुसून पाय सुजला होता, म्हणून मी रोज मलमपट्टीला जायचे. अंगणाच्या पार टोकाला लोखंडी खुंट्याला तो बांधलेला असायचा.

तांब्यात सासूची बोरमाळ होती. माळ गेली ह्याचं सुभद्राला फार नव्हतं, खरा घोर वेगळाच होता. तलवाड्याला दिलेली थोरली नणंद फोनवर म्हणाली होती, "आई गेली तवा जवळ तूच होतीस. आखितीला मी येते. आईच्या घागरीसमोर भंडारा उचल, मग बघू." आखिती म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. भंडारा उचलायचा म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शपथ घ्यायची. सुभद्राचा नवरा बहिणीपुढे तोंड उघडणारा नव्हता.

मी म्हटलं, "घे मग शपथ. तू घेतलेलं नाहीस तर भीती कसली?"

तिने मान हलवली. "देवाची भीती न्हाई मॅडम. भंडारा उचलला तर मी चोर न्हाई एवढं ठरंल. पण सुभद्राला भंडारा उचलावा लागला, हे जन्मभर मागं राहील. माझ्या पोरींच्या सोयरिकीत बी निघंल. मला ती माळ नको. नुसती घावली पाहिजे, त्यायच्या फुडं ठेवायला."

त्या दिवशी संध्याकाळी मी मालकांना सांगितलं. अक्षय तृतीयेला आठ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही वस्तीवर होतो. आधी चौकशी, मग सुतळी. साडेनऊला चौकटी तयार झाल्या, सात बाय सात, एकोणपन्नास. चैत्राच्या अखेरीचं ऊन, डोक्यावर झाड नाही, आणि हे गुडघ्यावर बसून सुतळीचा काटकोन तपासतायत. सुभद्राने उखळाकडे बोट दाखवलं होतं, म्हणून मालक उखळापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात गेले. तिथे पाखऱ्या पाय पोटाशी घेऊन बसला होता.

"चौकट एक. बैल उठवा आन् खुंटा उपटा," मालक म्हणाले.

माझा पारा चढलेलाच होता. सकाळपासून चहा नव्हता, दवाखान्यात लोक खोळंबले होते. मी म्हटलं, "तो बैल माझा पेशंट आहे, उठवायचा नाही. आणि तिथे हातभर लोखंडी खुंटा ठोकलाय, वाजणारच. दुसरीकडून सुरू करा."

"एक सोडून दोन कसं लिवू बाई?"

"लिहा की! डॉक्टरने सांगितलं म्हणून सोडली, असं लिहा. तुमच्या वहीपेक्षा जनावराचं दुखणं मोठं आहे."

हे मी सुभद्रासमोर, तिच्या नवऱ्यासमोर, कुंपणापाशी जमलेल्या चार बायकांसमोर आवाज चढवून बोलले. खरं सांगायचं तर पाखऱ्याला उठवता आलं असतं. सूज उतरली होती आणि सकाळीच तो पाण्यापर्यंत चालत गेला होता. पण मला त्या सुतळीचा, त्या वहीचा, त्या माणसाचा इतका वीट आला होता की कुठेतरी त्यांना मोडून दाखवायचंच होतं. मालकांनी माझ्याकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि ते दुसऱ्या चौकटीत जाऊन उभे राहिले. त्यांनी कुणाचं ऐकलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला बरं वाटलं, हेही कबूल करते.

पुढचे दिवस त्याच उन्हात गेले. रोज आठ चौकटी. मी म्हणायचे, आज सोळा करा, दिवस थोडे उरलेत. ते म्हणायचे, कान खोटं बोलतेत. मध्ये बाजाराचा दिवस आला. मी हात जोडून सांगितलं, की निदान आज खाडा करू नका, त्या बाईच्या अब्रूचा प्रश्न आहे. ते ओट्यावर बसून मिशीनच्या बॅटऱ्या पुसत राहिले. सुभद्रा रोज अंगण झाडून, बांगड्या काढून, मोकळ्या हातांनी कुंपणापाशी उभी असायची. मिशीन वाजलं की तिचा हात आपोआप गळ्याशी जायचा. खणलं की निघायची पत्री, नाहीतर खिळा, नाहीतर कोयत्याचा तुटका तुकडा.

सातव्या दिवशी दुपारी एकोणपन्नासावी चौकट झाली. ती उखळाच्या पलीकडची. काहीच निघालं नाही. मालकांनी हेडफोन काढून गळ्यात घातला आणि ते तिथेच खाली बसले. सुभद्राने चहा आणून दिला. "जाऊ द्या नाना, तुमी लई केलं." मालकांनी मिशीन उचललं. आठवडाभरात निघालेलं लोखंड एका डब्यात जमवलं होतं, तो डबाही त्यांनी उचलला नाही. घरी येताना रस्त्यात मी त्यांना म्हटलं, "तुमचं यंत्रच जुनं झालंय. उगाच तिला आशा लावली." ते मिशीन खांद्यावर टाकून चालत राहिले. एरवी हा माणूस खिळ्यावरून अर्धा तास भांडला असता.

अक्षय तृतीयेला सकाळी मी पट्टी बदलायच्या निमित्ताने सुभद्राकडे गेले. खरं तर तिला एकटीला सोडवत नव्हतं. ओट्यावर नवी घागर पाणी भरून ठेवली होती, तिच्या गळ्याला हार, शेजारी सासूचा फोटो आणि ताटलीत भंडारा. दोघी नणंदा भिंतीला टेकून बसल्या होत्या. थोरलीच्या हातात पाटल्या, गळ्यात ठसठशीत डोरलं, चेहरा आवळलेला. सुभद्रा पोळ्या करत होती आणि एकही पोळी तव्यावर धड पडत नव्हती.

तेवढ्यात कुंपणातून मिशीनचा दांडा आत आला, मागून मालक.

"एक चौकट राहिली हाय," ते म्हणाले.

कुठली राहिली ते मला पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यांना अंगावरचं काढायला सांगितलं. थोरली नणंद उसळली. "आमी कावून काढायचं? आमचं काय हरवलंय का?"

"तुमच्या आईचं हरवलंय," मालक म्हणाले. "काढायचं नसंल तर मी चाललो. मंग बसा ताटली घिऊन."

तिने पाटल्या काढून गोधडीवर आपटल्या. मी पाखऱ्यापाशी गेले, त्याचा कासरा सोडला आणि जिभेने चक् केलं. तो उठला आणि लंगडत चार पावलं बाजूला झाला. एवढंच काम होतं. आठ दिवसांपूर्वी एवढंच काम होतं.

सुभद्राच्या नवऱ्याने खुंटा हलवून हलवून उपटला आणि लांब नेऊन टाकला. मालकांनी चकती त्या भोकावर धरली. हेडफोनची वायर त्यांनी काढून टाकली होती, त्यामुळे आवाज सगळ्यांना ऐकू आला. खुंटा नव्हता, तरी मिशीन वाजत होतं.

जमीन बैलाच्या मुताने आणि पायांनी दगडासारखी झाली होती. पहारीने हातभर खणल्यावर पितळेचं काहीतरी चमकलं. तांब्या, तोंडाला फडकं बांधून वरून शेणाने लिंपलेला. "मूठ आपटत होती," सुभद्रा म्हणाली. "खुंटा ठोकून दाखवत होती गं बाई. आमी उखळ समजलो." निघायच्या दिवशी बैल गाडीला जुंपल्यावर म्हातारीने खुंटा उपटला होता, खाली तांब्या पुरला होता आणि वर पुन्हा खुंटा ठोकला होता. बैलाच्या पायाखाली कोण खणणार?

तांब्यात बोरमाळ होती, सुभद्राचं स्वतःचं डोरलं होतं आणि लहान मुलीच्या पायातले चांदीचे दोन वाळे होते. वाळे बघून थोरली नणंद रडायला लागली. ते तिचेच होते. सुभद्राच्या डोळ्यात मात्र टिपूस नव्हतं. तिने बोरमाळेला हात लावला नाही. तांब्या नणंदेपुढे सरकवला आणि म्हणाली, "मणी मोजा." नणंद नको नको म्हणत होती. "न्हाई, मोजा." शेवटी नणंदेने फोटोसमोर बसून एकेक मणी मोजला आणि सुभद्रा प्रत्येक मणी बघत उभी राहिली. ताटलीतला भंडारा नणंदेनेच उचलला आणि भावजयीच्या कपाळाला लावला.

मग डोळे पुसून थोरली मालकांकडे वळली. राग कुठेतरी जायला हवा होता. "आठ दिस सगळं अंगण उकरलं म्हणं तुमी. मंग हीच जागा कशी ठिवली? हिच्या जिवाला एवढा घोर लावला, तो कशापाई?"

सगळे मालकांकडे बघायला लागले. सुभद्रा एकदा माझ्याकडे बघून खाली बघायला लागली. पहिल्या दिवशी ती तिथेच उभी होती, तिला सगळं ठाऊक होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. कासरा हातात धरून मी नुसती उभी राहिले.

"चुकलं माझं," मालक म्हणाले. "ध्यानात न्हाई राहिली."

आणि ते सुतळी गुंडाळायला लागले. त्या दिवशी त्यांनी सुभद्राची सही घेतली, तारीख घालून घेतली, आणि आदल्या दिवशी सोडलेला लोखंडाचा डबाही आठवणीने उचलला. घरी येताना मी त्यांना विचारलं, तुम्ही असं का सांगितलंत? ते म्हणाले, "बाई, चप्पल झटका, खिळा रुतला असंल, वाजत होतं मघा." पुढे हा विषय त्यांनी मला काढूच दिला नाही. काकूंना मात्र चार दिवसांनी बाजारात कळलं आणि त्या धावत माझ्याकडे आल्या. "हे 'चुकलं' म्हणले? खरं सांगा. पस्तीस वर्षं झाली लग्नाला, मी तो शब्द ऐकला न्हाई. बरं हाय ना त्यांला?"

गावात दोन-तीन महिने लोकांनी त्यांना त्यावरून छेडलं. नाना, एखादी चौकट राहिली न्हाई ना? ते ऐकून घ्यायचे. मीही ऐकायचे. दर वेळी वाटायचं, आता सांगून टाकावं, आणि दर वेळी कुणाची तरी शेळी आडवी यायची. मला त्यांचा राग यायचा, की ह्या माणसाने मला साधं खजील व्हायचीही सोय ठेवली नाही. सकाळी सहाला पुन्हा दार वाजायचं. गंज बघायचाय.

त्यानंतर दोन वर्षांनी माझी बदली झाली. सामानाचा टेम्पो दारात उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. काकूंनी ओटी भरली आणि डोळ्याला पदर लावला. मालक आतून वही घेऊन आले. मला वाटलं, भाड्याचं काही असेल.

त्यांनी मधलं एक पान उघडून पुढे धरलं. सात बाय सात चौकटी. अठ्ठेचाळिसांत बरोबरच्या खुणा, खाली सुभद्राची वेडीवाकडी सही. पहिल्या चौकटीत खूण नव्हती. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'डॉक्टरने सांगितलं म्हणून सोडली.' त्याखाली वेगळ्या शाईत, 'हितंच घावलं.' आणि शेजारी पेन्सिलने आखलेली एक रिकामी रेघ.

"सही करा," ते म्हणाले.

"अहो, तुम्ही तर तिथं सगळ्यांना सांगितलंत की तुमची चूक."

"लोकायला सांगितलं ते लोकायसाठी. वही वहीसाठी."

"आणि दोन वर्षं थांबलात?"

"घाई काय होती? तुमी हितंच होत्या."

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. मी टेम्पोच्या बॉनेटवर वही ठेवून सही केली. पेन परत द्यायला लागले तर त्यांनी घेतलं नाही.

"तारीख."

"आजची घालू?"

"आजची कशाला? सोडली त्या दिवसाची."

मी ती घातली. कुणाला विचारावी लागली नाही, मला पाठ होती.